ती कुरकुर नव्हती

गेल्या महिन्यात डिझाइन शिकणाऱ्या मुलांशी पुस्तकाच्या मांडणीबद्दल बोलायला गेले होते. माझ्या आधीचं व्याख्यान लांबलं होतं, म्हणून मागच्या बाकावर बसून ऐकत राहिले. विषय होता ‘वापरणारे आणि बदल’. पडद्यावर २०१६ च्या मॅकबुक प्रोचं चित्र आणि शेजारी त्या वेळी लोकांनी केलेल्या तक्रारींची यादी. प्राध्यापकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: लोकांना बदल नकोच असतो. १९९८ मध्ये आयमॅकमधून फ्लॉपी काढली तेव्हा ओरड झाली, २००८ मध्ये मॅकबुक एअरमध्ये सीडीची सोय ठेवली नाही तेव्हा झाली, तशीच २०१६ मध्येही झाली. डिझायनरनं काही दिवस कान बंद ठेवायचे, लोक आपोआप रुळतात. मुलं वहीत उतरवून घेत होती.

माझी वेळ आली तेव्हा मी पुस्तकांबद्दलच बोलले. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईनं यजमानांशी वाद घालायचा नसतो, म्हणून गप्प बसले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं आहे. कारण ते म्हणणं चुकीचं आहे. जे उदाहरण त्यांनी दिलं, ते नेमकं त्यांच्या विरुद्ध जातं.

मी सत्तावीस वर्षं मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. दिवसाचे आठ-नऊ तास हात कीबोर्डवर असतात. २०१६ चा तो लॅपटॉप मी कधी घेतला नाही, त्यामुळे त्याच्यावर माझा स्वतःचा राग नाही. राग आहे तो काम करणाऱ्या माणसाच्या तक्रारीला ‘सवयीचा गुलाम’ म्हणून बाजूला सारण्याचा.

आधी झालं काय ते नीट सांगते. २७ ऑक्टोबर २०१६. आपल्याकडे धनत्रयोदशीची आदली रात्र होती. ॲपलनं कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोमध्ये नवा मॅकबुक प्रो दाखवला. नावातच ‘प्रो’, म्हणजे ज्यांचं पोट त्या यंत्रावर आहे त्यांच्यासाठीचा. फंक्शन बटणांची वरची ओळ बहुतेक मॉडेलांमधून गेली, तिच्याबरोबर कोपऱ्यातलं एस्केपचं बटणही गेलं, आणि त्या जागी काचेची स्पर्शपट्टी आली, टच बार. चार्जर चुंबकानं चिकटवणारी मॅगसेफ ही २००६ पासूनची सोय गेली. एचडीएमआय गेलं, नेहमीचं यूएसबी गेलं, कॅमेऱ्याचं एसडी कार्ड घालायची खाच गेली. हेडफोनची खाच सोडली तर उरले ते फक्त यूएसबी-सी आकाराचे पोर्ट, महागड्या मॉडेलांत चार, स्वस्तातल्यात दोन. कीबोर्ड बटरफ्लाय पद्धतीचा झाला. पंधरा इंची लॅपटॉप अठरा मिलिमीटरवरून साडेपंधरावर आला, आणि त्यासाठी बॅटरी ९९.५ वॉट-तासांवरून ७६ वर उतरली.

आता फ्लॉपीचा दाखला. तो सगळीकडे दिला जातो, म्हणून त्याला जरा वेळ देते. मी या धंद्यात आले ते फ्लॉपीचे शेवटचे दिवस. फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे. एका रंगीत मुखपृष्ठाची फाइलसुद्धा त्यात बसत नसे. छापखान्यात पानं न्यायला आम्ही झिप डिस्क वापरायचो, पुढे सीडी. म्हणजे आयमॅकमधून फ्लॉपी गेली तेव्हा ती आमच्या कामातून आधीच उठत चालली होती आणि तिच्या जागी तेच काम जास्त चांगलं करणारी वस्तू आमच्या हातात होती. २०१६ मध्ये एसडी कार्डाच्या जागी काय आलं? कॅमेऱ्यातून कार्ड गेलं नव्हतं. कॅमेरा कंपन्या दर वर्षी कार्डाचीच खाच असलेले नवे कॅमेरे काढत होत्या. काम होतं तिथंच होतं. फक्त यंत्रातली खाच गेली होती आणि तिच्या जागी वेगळा विकत घ्यायचा ॲडॉप्टर आला होता. या दोन गोष्टींना एका माळेत ओवणं हा हिशेबच चुकीचा आहे.

हे खाचेचं प्रकरण किती बारीक असतं ते मी वाईला भाच्याच्या लग्नात पाहिलं आहे. फोटोग्राफर साताऱ्याचा मुलगा होता. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, माणसं जेवणाकडे वळली, आणि तो मांडवाच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला. मांडीवर लॅपटॉप, २०१५ चा. कॅमेऱ्यातून कार्ड काढलं, लॅपटॉपच्या कडेला सरकवलं, लगेच कॉपी सुरू. ती पुरी होईपर्यंत तो जागचा हलला नाही, कुणी ताट आणून दिलं तेही खाली ठेवायला सांगितलं. मग तेच फोटो बाहेरच्या डिस्कवर दुसऱ्यांदा घेतले, दोन्हीकडचे आकडे जुळवले, आणि मगच ते कार्ड कॅमेऱ्यात परत गेलं. मी विचारलं, इतकी घाई कशाला, घरी जाऊन करता येईल की. तो म्हणाला, “मावशी, अंतरपाट दूर होतानाचा फोटो परत काढता येत नाही.” मग त्यानं ॲडॉप्टरबद्दल सांगितलं. मांडीवर लॅपटॉप असताना वायरीला लोंबणारा तुकडा जरा हलला तरी कॉपी मध्येच तुटते. एक तुकडा बॅगेत, एक गाडीत, आणि तरी गरजेला दोन्ही सापडत नाहीत ही भीती. त्या मुलाला बदल नको होता असं कोण म्हणेल? दोन वर्षांत त्याचा कॅमेरा बदलला होता, लेन्सा बदलल्या होत्या, आणि ड्रोन चालवायला तो स्वतःहून शिकला होता.

कीबोर्डचं त्याहून गंभीर. बटरफ्लाय ही रचना ॲपलनं २०१५ मध्ये बारा इंची मॅकबुकमध्ये आणली होती. प्रत्येक बटणाखाली फुलपाखराच्या पंखांसारखे दोन भाग असतात, आणि बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधारण नखाच्या जाडीइतकं खाली जातं. त्यानं यंत्र पातळ झालं. पण इतक्या अरुंद जागेत धुळीचा कण अडकला की बटण उमटेनासं होतं, किंवा एकदा दाबलं तर दोनदा उमटतं. कंपनीनं स्वतःच ते साफ करायची पद्धत प्रसिद्ध केली: लॅपटॉप पंचाहत्तर अंशांत तिरका धरा आणि डब्यातली दाबाची हवा बटणांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मारा. ज्यावर रोज लिहायचं ते यंत्र तिरकं धरून त्यावर फवारा मारायचा, हे ज्या क्षणी अधिकृत सूचनेत लिहावं लागलं, त्या क्षणी वादाचा निकाल लागला होता असं मला वाटतं.

मार्च २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये जोआना स्टर्न यांनी या कीबोर्डवर स्तंभ लिहिला आणि ‘ई’ व ‘आर’ ही अक्षरं गळालेल्या अवस्थेतच तो वाचकांपुढे ठेवला. इंग्रजी वाचकाला ते अडखळत का होईना, वाचता येतं. मी तो प्रकार पाहिला आणि नजर माझ्या कीबोर्डवर गेली. देवनागरीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत ‘ई’च्या बटणावर काना असतो आणि ‘आर’च्या बटणावर दुसरी वेलांटी. ही दोन बटणं बसली तर ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं. ‘डी’वर हलन्त असतो, तो गेला की जोडाक्षर संपलं: ‘पुस्तक’चं ‘पुसतक’, ‘राज्य’चं ‘राजय’. आणि बटण दोनदा उमटलं तर ‘काम’चं ‘कााम’. तीनशे पानांच्या कादंबरीत असे जादा काने पेरले गेले, तर ते वेचताना मुद्रितशोधकाचे डोळे दुखतात, आणि दोन-चार तरी छापून जातातच. पुढे लेखक विचारतो, ही चूक कुणाची. ऑपरेटरचं नाव पुढे येतं, कीबोर्डचं कधीच येत नाही.

याला ‘बदल नको असणं’ म्हणायचं असेल तर मग शब्दांना अर्थच राहिला नाही.

कंपनी काय करत होती ते तारखांनी पाहू. जून २०१८ मध्ये तिनं कीबोर्ड मोफत दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली, पहिल्या विक्रीपासून चार वर्षांपर्यंत. त्याच वर्षी नव्या मॉडेलात बटणांखाली सिलिकॉनचा पातळ पडदा आला. मार्च २०१९ मध्ये थोड्या लोकांनाच त्रास होतो आहे असं सांगून दिलगिरी. मे २०१९ मध्ये यंत्रणेतलं साहित्य बदललेले नवे लॅपटॉप आले, आणि ज्या दिवशी ते जाहीर झाले त्याच दिवशी दुरुस्तीच्या योजनेतही दाखल झाले. विकायला काढलेली वस्तू त्याच दिवशी दुरुस्तीच्या यादीत! दुरुस्ती म्हणजे तरी काय, बटरफ्लाय कीबोर्ड वरच्या धातूच्या कवचाला रिव्हेटांनी ठोकलेला आणि बॅटरी त्याच कवचाला चिकटवलेली, म्हणून एका ‘ई’साठीही कित्येकदा अख्खं कवच बॅटरीसकट बदलायचं. अमेरिकेत खटला झाला. २०२२ मध्ये ॲपल पाच कोटी डॉलर देऊन तडजोडीला तयार झाली, चूक मान्य न करता, आणि तेही तिथल्या सात राज्यांतल्या ग्राहकांपुरतं. मुंबई-पुण्यात तोच लॅपटॉप घेणाऱ्यांचा त्यात प्रश्नच नव्हता.

प्राध्यापकांनी यादीत टच बारची तक्रार सगळ्यात वर ठेवली होती, ‘सवय’ या शब्दाखाली. सवयीबद्दल इथं बोललंच पाहिजे. ज्याला ते सवय म्हणतात त्याला आमच्या कामात ‘हात बसणं’ म्हणतात. हात बसलेला ऑपरेटर कीबोर्डकडे बघत नाही. डावीकडे हस्तलिखित, समोर पडदा, आणि बोटं आपली वाट स्वतः शोधतात, कारण बटणांना कडा असतात, मधे फटी असतात, दाबल्याचं बोटाला कळतं. एस्केपचं बटण कोपऱ्यात आहे हे डोळ्याला माहीत असायची गरजच नसते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं तर एस्केपवाचून पान हलत नाही. १९७६ पासूनचा व्हीआय आणि त्यातून पुढे निघालेला व्हिम हे मजकूर-संपादक प्रोग्राम वापरणारा माणूस दिवसातून शेकडो वेळा ते बटण मारतो. सपाट काचेवर त्याला ना कडा, ना खोली. बोट नुसतं टेकलं तरी उमटणार, आणि उमटलं का ते बघायला मान खाली घालावी लागणार. वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं जे डोळ्यांकडून बोटांकडे गेलं होतं, ते या पट्टीनं परत डोळ्यांकडे आणलं. ही तक्रार करणारा माणूस आपल्या कौशल्याबद्दल बोलतो आहे. सतारीच्या पडद्यांऐवजी काच बसवली आणि वादकानं हरकत घेतली, तर त्याला आपण सवयीचा गुलाम म्हणू का?

आणि हा प्रयोग नवा होता असंही नाही. लेनोवोनं जानेवारी २०१४ मध्ये थिंकपॅड एक्स-वन कार्बनच्या दुसऱ्या आवृत्तीत फंक्शन बटणांच्या जागी अशीच बदलती स्पर्शपट्टी बसवली होती. लोकांनी नाकारली. जानेवारी २०१५ मध्ये तिसरी आवृत्ती आली ती खऱ्या बटणांसह. एका वर्षात. म्हणजे टच बार येण्याच्या पावणेदोन वर्षं आधी उत्तर जगासमोर होतं, फक्त ते दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांनी दिलं होतं.

थिंकपॅडची गोष्ट मला आवडते, कारण तिथं ऐकण्याचं काम बरंच उघडपणे झालं. १९९२ मध्ये आयबीएमनं काढलेला आणि पुढे लेनोवोकडे आलेला, रिचर्ड सॅपर यांनी घडवलेला काळा ठोकळा, कीबोर्डच्या मधोमध माउसचं काम करणारा लाल ठिपका. २०१२ मध्ये त्याचा सात ओळींचा कीबोर्ड जाऊन सहा ओळींचा आला. २०१३ च्या टी-४४० या मॉडेलात लाल ठिपक्याबरोबरची वेगळी बटणं काढून टाकली. ज्यांचं काम त्या ठिपक्यावर चालायचं त्यांनी कडाडून विरोध केला, आणि २०१५ च्या टी-४५० मध्ये बटणं परत आली. त्याच वर्षी थिंकपॅडचे मुख्य डिझायनर डेव्हिड हिल यांनी जुन्या रूपातला थिंकपॅड कसा असावा हे लोकांनाच प्रश्नावल्या काढून विचारलं, आणि २०१७ मध्ये पंचवीस वर्षांनिमित्त सात ओळींच्या कीबोर्डचा थिंकपॅड खरोखर निघाला. सगळं जुनं परत आलं नाही. नेहमीच्या मॉडेलांत सहा ओळीच राहिल्या आणि पुष्कळ लोक त्यावर रुळलेसुद्धा. काय रुळण्यासारखं आणि काय नाही, हा फरक वापरणाऱ्यांनीच दाखवला.

आता विक्रीचा मुद्दा. ॲपलचे तेव्हाचे मार्केटिंग प्रमुख फिल शिलर यांनी २०१६ च्या नोव्हेंबरमध्येच सांगितलं होतं की आधीच्या कुठल्याही प्रो लॅपटॉपपेक्षा या लॅपटॉपच्या ऑनलाइन ऑर्डर जास्त आहेत. प्राध्यापकांनीही तेच सांगितलं: ओरडणारे मूठभर, घेणारे लाखो. पण ज्याची दहा वर्षांची कामं ॲपलच्या फायनल कट या व्हिडिओ-संपादन प्रोग्राममध्ये आहेत तो दुसऱ्या कुठल्या कंपनीचा मॅक घेणार? आणि एक गोष्ट त्यांच्या पडद्यावर नव्हती. २०१५ चा जुना पंधरा इंची मॅकबुक प्रो, सगळ्या खाचा-पोर्टांसकट, ॲपल स्वतःच जुलै २०१८ पर्यंत विकत राहिली. नवा इतका निर्विवाद असता तर जुना पुढे पावणेदोन वर्षं दुकानात कशाला ठेवला असता?

सगळ्या तक्रारी बरोबर होत्या असं मी म्हणत नाही. मागचं चमकणारं सफरचंद गेलं म्हणून लोक हळहळले, सुरू होतानाचा आवाज गेला म्हणून हळहळले. ते मी सोडून देते. सोळा जीबीच्या वर मेमरी नाही या तक्रारीला कारण होतं, त्या वेळच्या इंटेलच्या प्रोसेसरबरोबर कमी वीज खाणारी मेमरी त्यापुढे जात नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये वस्तू तपासणाऱ्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं बॅटरीच्या कारणानं या लॅपटॉपची शिफारस नाकारली, पण दोष सफारी या ब्राउझरमधल्या एका चुकीचा निघाला आणि जानेवारीत त्यांनी शिफारस दिली. टच बारवर व्हिडिओ मागेपुढे सरकवणं आवडणारे लोकही होते. आणि यूएसबी-सीची दिशा तर बरोबरच होती. २०२४ च्या अखेरीपासून युरोपीय संघात नव्या फोनना तेच चार्जिंग बंधनकारक आहे. हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं उभं राहतं, उलट आणखी पक्कं होतं. कारण पुढे काय झालं ते पाहा.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सोळा इंची मॅकबुक प्रो आला. जुन्या कात्री पद्धतीचा कीबोर्ड, बटण एक मिलिमीटर खाली जाणारं, आणि कोपऱ्यात खरंखुरं एस्केप. जाडी १६.२ मिलिमीटर, बॅटरी १०० वॉट-तास. ऑक्टोबर २०२१ मध्ये नवे चौदा आणि सोळा इंची आले: मॅगसेफ परत, एचडीएमआय परत, एसडी कार्डाची खाच परत, टच बार गेला आणि पूर्ण उंचीची फंक्शन बटणं आली. सोळा इंची तर आणखी जाड, १६.८ मिलिमीटर. पण २०१६ मध्ये आलेलं, बोटाचा ठसा ओळखणारं बटण राहिलं, आणि यूएसबी-सीचे पोर्टही राहिले, तीन. म्हणजे २०१६ मध्ये लोकांनी ज्या गोष्टींवर बोट ठेवलं होतं त्यातल्या बहुतेक बदलल्या, आणि ज्या कामाच्या म्हणून स्वीकारल्या होत्या त्या तशाच राहिल्या. बदलाचीच भीती असणाऱ्या माणसांची यादी पाच वर्षांनी इतकी खरी कशी उतरेल?

मधल्या काळात ॲपलनंही एक शहाणपणाची गोष्ट केली होती. २०१८ च्या सुमारास तिनं व्यावसायिक कलावंतांना, संगीत, व्हिडिओ, ॲनिमेशन करणाऱ्यांना आपल्याकडे कामावर घेतलं आणि ते खरं काम करत असताना कुठे अडतात ते अभियंत्यांनी शेजारी बसून पाहिलं. हे त्या व्याख्यानात यायला हवं होतं. दोनेक वर्षं कान बंद ठेवल्यावर कंपनीलाच त्यांच्या शेजारी बसावं लागलं, आणि २०२१ पर्यंतच्या पाच वर्षांत वाया गेलेले तास, बदललेली कवचं, विकत घेतलेले ॲडॉप्टर हे सगळं वापरणाऱ्यांच्या खात्यावर पडलं.

त्या प्राध्यापकांना मी पत्र लिहिलं आहे. हे सगळे मुद्दे त्यात आहेतच, शेवटी एक विनंती केली आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना सप्टेंबरमध्ये माझ्याकडे पाठवा. दिवाळी अंकांची गर्दी असते, चार-चार अंक एकाच वेळी चालू असतात, रात्री अकरापर्यंत कुणी घरी जात नाही. माझ्या टेबलाशेजारी एक खुर्ची आहे. त्यांनी तिथं दिवसभर बसावं, कीबोर्डकडे नाही, माझ्या हातांकडे बघावं, आणि हात थांबला की का थांबला ते विचारावं. चहा मी पाजीन.